फ्रीजरचे आवाज: कोणते रोजचे, कोणते दुरुस्तीचे

दिवसा फ्रीजर ऐकूच येत नाही. मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, खाली रिक्षांचे हॉर्न या सगळ्यात तो बुडून जातो. रात्री अकरानंतर गोष्ट वेगळी. कोपरखैरणे, ऐरोली, कळवा इथल्या वन रूम किचनमध्ये फ्रिज बऱ्याचदा हॉलमध्येच असतो आणि तिथेच अंथरुणं पडतात. उशापासून चार हातांवर एकदम 'टक' होतं, मग घूंऽऽ सुरू होतं, मध्येच कोणी तांब्यातून पाणी ओतल्यासारखी बुडबुड ऐकू येते आणि पहाटे प्लास्टिक तडकल्यासारखा 'कट्ट'. नवा फ्रीजर घरात आला की पहिल्या आठवड्यात यातल्या एखाद्या आवाजाने धास्ती घेऊन मेकॅनिकला फोन जातो. तो येतो तेव्हा फ्रीजर शांत असतो. व्हिजिटचे पैसे मात्र द्यावे लागतात.

आवाज मोठा की बारीक, यावरून फारसं काही ठरत नाही. तो कधी सुरू होतो, किती वेळ चालतो आणि कशाने थांबतो हे पाहायचं. ठरावीक पाळीने येणारा, संपणारा आणि पुन्हा येणारा आवाज, आणि आतला माल दगडासारखा घट्ट, अशी जोडी असेल तर यंत्र आपलं काम करतंय. पाळी मोडली किंवा माल मऊ पडू लागला, की मग काळजीचं कारण.

आधी आपल्याकडे कोणता प्रकार आहे ते बघा

एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये वरती छोटा बर्फाचा कप्पा असतो. त्याच्या भिंतींवर बर्फाचा थर जमतो आणि तो काढायला थर्मोस्टॅटच्या गोल नॉबच्या मध्यभागी बटण असतं. याला डायरेक्ट कूल म्हणतात. याच्या आत सहसा पंखा नसतो, त्यामुळे मुख्य आवाज दोनच: कॉम्प्रेसरचा, म्हणजे गॅस दाबणाऱ्या मोटरचा, आणि नळ्यांतून फिरणाऱ्या त्या गॅसचा.

दोन दारांच्या फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये फ्रीजरच्या भिंती कोरड्या राहतात आणि मागच्या जाळीतून गार वारा येतो. आत पंखा, हीटर आणि त्यांची वेळ सांभाळणारा टायमर किंवा सर्किट असतं. सर्वांत जास्त तऱ्हेचे आवाज याचेच.

तिसरा प्रकार वरून झाकण उघडणाऱ्या डीप फ्रीजरचा. घरून मासे, मोदक, फ्रोझन पराठे विकणाऱ्यांकडे तो असतो. त्याची गरम होणारी नळी बहुधा बाहेरच्या पत्र्याच्या आतून फिरवलेली असते, म्हणून बाजू हाताला कोमट लागतात. ते बरोबरच आहे. आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते.

यांपैकी कोणत्याही प्रकारात कॉम्प्रेसर साधा असू शकतो किंवा इन्व्हर्टर. हा इन्व्हर्टर म्हणजे बॅटरीवाला नव्हे, कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारं सर्किट. दोन्हींचे आवाज इतके वेगळे असतात की कोणता आहे हे माहीत नसेल तर पुढचं सगळं उलटसुलट वाटेल. दारावरचं स्टिकर किंवा माहितीपुस्तिका बघून घ्या.

एक रात्र ऐकून टिपण करा

पंखा आणि टीव्ही बंद करा. रात्री साडेअकराच्या पुढे दीड-दोन तास मिळाले तर पुरेत. मोबाइलचं घड्याळ समोर ठेवून चारच गोष्टी लिहा: सुरू होण्याची 'टक' कधी झाली, गुणगुण किती मिनिटं चालली, बंद कधी झाला, बंद झाल्यावर काय ऐकू आलं. त्या वेळात दार उघडू नका, नाहीतर सगळी पाळी बदलते.

सोबत थर्मामीटर ठेवा. फ्रीजरसाठी मिळणारा साधा थर्मामीटर दोन गोठलेल्या पाकिटांच्या मध्ये खोचून २४ तासांनी वाचायचा. उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास काटा असेल, तर आवाजाबद्दलची निम्मी शंका तिथेच मिटते. थर्मामीटर नसेल तर एका वाटीत पाणी पूर्ण गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. नाणं खाली गेलेलं दिसलं, तर मधल्या काळात बर्फ वितळला होता. वीज बराच वेळ गेल्यानंतर माल ठेवायचा की टाकायचा हे ठरवायलाही हीच वाटी उपयोगी पडते.

टक, घूं, धप्, सुस्स: कॉम्प्रेसरची एक फेरी

साधा कॉम्प्रेसर असलेल्या फ्रीजरची फेरी थर्मोस्टॅटच्या 'टक'ने सुरू होते. त्याच क्षणी मोटरला सुरुवातीचा जोर देणारा रिले काम करतो. एक-दोन सेकंद थरथर होते आणि मग गुणगुण एका सुरात लागते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मोटरच्या लोखंडाला सेकंदाला १०० वेळा ओढ बसते. तोच तो जाड, खालच्या पट्टीतला सूर. आत मोटर मिनिटाला तीन हजारांच्या थोडे खाली फेरे घेत असते आणि तिच्यावरचा छोटा दट्ट्या गॅस दाबत असतो.

बंद होताना पुन्हा 'टक' आणि पाठोपाठ 'धप्'. या धप्पने लोक दचकतात. मोटर आणि दट्ट्या कॉम्प्रेसरच्या काळ्या डब्यात स्प्रिंगवर टांगलेले असतात. फिरता जोर एकदम थांबला की तो सगळा डोलारा स्प्रिंगवर एक झोका खातो. एकच धप् असेल तर काही बिघडलेलं नाही.

बंद झाल्यावरची सुस्स आणि बुडबुड ही गॅसची. चालू असताना कॉम्प्रेसरच्या एका बाजूला जास्त दाब आणि दुसऱ्या बाजूला कमी दाब असतो. दोन्हींच्या मध्ये एक मिलिमीटरहूनही बारीक भोकाची, काही मीटर लांब तांब्याची नळी असते, तिला कॅपिलरी म्हणतात. कॉम्प्रेसर थांबला की जास्त दाबाकडचा गॅस या नळीतून हळूहळू दुसरीकडे जातो आणि दाब सारखा होईपर्यंत आवाज करत राहतो. दोन ते पाच मिनिटं हे चालतं. चालू असतानाही अधूनमधून खळखळ येते, कारण नळीतून सुटलेला द्रव कॉइलमध्ये, म्हणजे फ्रीजर गार करणाऱ्या वेटोळ्या नळीत, अक्षरशः उकळत असतो. 'गॅस लीक होतोय' असं म्हणून लोक ज्याला घाबरतात, तो बहुतांश वेळा हाच आवाज असतो. गळती बहुतेक इतकी बारीक असते की कानाला कळतही नाही. ती कळते थंडावा कमी झाल्यावर.

याच दाबामुळे एक नियम पाळायचा: फ्रीजर बंद केला तर पाच मिनिटं थांबून मगच चालू करा. लगेच चालू केला तर दट्ट्याला दाबाविरुद्ध सुरुवात करावी लागते, मोटर अडकते, नुसती घुं करते आणि ओव्हरलोड, म्हणजे मोटर जळू नये म्हणून वीज तोडणारा स्विच, तिला बंद करतो.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असेल तर ही फेरी शोधू नका. तो दिवसाचा बराचसा वेळ हळू वेगात चालूच राहतो. दार उघडलं किंवा ताजा माल ठेवला की त्याचा सूर चढतो, थंडावा बसला की उतरतो. बारीक शिट्टीसारखा सूरही येतो. 'हा कधी बंदच होत नाही' ही तक्रार या कॉम्प्रेसरच्या बाबतीत तक्रार नाहीच.

मे महिन्यात तो थांबत का नाही

एप्रिल-मेमध्ये स्वयंपाकघर ३४-३५ अंशांवर असतं आणि त्याच दिवसांत फ्रीजर भरलाही जातो. वाशीच्या मार्केटमधून पेटी आणून आमरस काढला जातो. मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै असते, म्हणून त्याआधी सुरमई, पापलेट, कोळंबी साफ करून पाकिटं भरली जातात. मग रात्रभर घूं चालू राहतं आणि वाटतं, कॉम्प्रेसर गेला.

थोडा हिशेब करून बघा. ३० अंशांचं एक किलो पाणी उणे १८ अंशांपर्यंत न्यायला सुमारे ५०० किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते. त्यातली ३३४ किलोज्यूल फक्त पाण्याचा बर्फ होताना जाते. आमरस किंवा मासा म्हणजे बहुतांश पाणीच. घरगुती फ्रीजर आतून सेकंदाला १०० ज्यूल उष्णता ओढतो असं धरलं, तर पाच किलो पाण्याला सात तास लागतात, तेही भिंतींतून आणि दारातून येणारी उष्णता न धरता. म्हणजे संध्याकाळी पाच किलो रस एकदम ठेवला तर कॉम्प्रेसर उजाडेपर्यंत चालणारच.

यावर उपाय आहे. रस आधी फ्रिजच्या खालच्या कप्प्यात चार-पाच तास गार करा. अर्धा-अर्धा किलोच्या चपट्या पाकिटांत भरा, दोन सेंटिमीटरपेक्षा जाड नको. एका वेळी दीड-दोन किलोच ठेवा आणि पाकिटं पहिल्या दिवशी एकमेकांवर रचू नका, आडवी पसरून ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कॉम्प्रेसर पुन्हा पाळीवर आला पाहिजे. नवीन माल न ठेवता, दार फारसं न उघडता, साधा कॉम्प्रेसर २४ तासांत एकदाही थांबला नाही तर मात्र शोध घ्यावा लागेल: दाराचं रबर, मागची धूळ, थर्मोस्टॅट, गॅस, याच क्रमाने.

चर्र, टपटप आणि मग शांतता: डिफ्रॉस्ट

हा भाग फक्त फ्रॉस्ट फ्री वाल्यांसाठी, पण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत.

कोरड्या दिसणाऱ्या फ्रीजरमध्येही बर्फ जमतो. तो मागच्या पॅनेलमागे कॉइलवर जमतो, म्हणून दिसत नाही. जुन्या टायमरवाल्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर साधारण आठ ते बारा तास चालला की डिफ्रॉस्ट, म्हणजे हा बर्फ वितळवण्याची पाळी, लागते. नव्या सर्किटवाल्यांत दार किती उघडलं यानुसार वेळ बदलते. कॉम्प्रेसर आणि पंखा बंद होतात आणि कॉइलखालचा हीटर सुरू होतो. वितळलेले थेंब तापलेल्या हीटरवर पडले की तव्यावर पाणी शिंपडल्यासारखं 'चर्र' होतं. तापणारी धातूची पाती कटकट करतात. मग पाणी नळीतून मागे उतरतं, टपटप ऐकू येते, आणि कॉम्प्रेसरवरच्या ट्रेमध्ये जमून त्याच्याच उष्णतेने सुकतं. वीस-तीस मिनिटांनी हीटर बंद होतो, कॉम्प्रेसर सुरू होतो आणि पंखा मुद्दाम थोडा उशिरा लागतो, म्हणजे गरम हवा मालावर फेकली जात नाही.

पावसाळ्यात हे सगळं वाढतं. जून ते सप्टेंबर ठाण्याच्या हवेत इतका दमटपणा असतो की दार उघडण्याच्या प्रत्येक वेळी वाफेने भरलेली हवा आत शिरते. टपटप रोज ऐकू आली तरी चालेल. फ्रिजखाली पाणी साचलं तर नाही. त्याचा अर्थ निचऱ्याची नळी तुंबली आहे किंवा ट्रे सरकला आहे.

आता यातला खरा बिघाड. जाळीमागून 'खर्र-खर्र' किंवा पत्ता पंख्याला लागल्यासारखी 'टर्रर्र' येत असेल, तर पंख्याचं पातं बर्फाला घासतंय. तपासणी सोपी आहे. दार उघडा: बहुतेक मॉडेलमध्ये पंखा थांबतो आणि आवाजही थांबतो. आता दाराच्या चौकटीतलं छोटं बटण बोटाने दाबून धरा. आवाज परत आला तर तो पंख्याचाच. माल बर्फाच्या पेटीत काढा, प्लग काढा, दार उघडं ठेवून खाली जुने टॉवेल अंथरा आणि पूर्ण २४ तास तसंच सोडा. सुरी, उलथनं, हेअर ड्रायर काहीही आत घालू नका. सुरीने कॉइलला भोक पडलं तर दुरुस्तीचा खर्च कितीतरी वाढतो. बर्फ वितळल्यावर आवाज गेला आणि कायमचा गेला, तर बहुधा कोणीतरी दार नीट लावलं नव्हतं. आठ-पंधरा दिवसांत परत आला, तर डिफ्रॉस्ट हीटर, त्याचा थर्मोस्टॅट किंवा टायमर यांपैकी काहीतरी गेलंय आणि ते मेकॅनिककडूनच बदलून घ्यायला हवं.

डायरेक्ट कूलमध्ये बर्फाचा थर अर्धा सेंटिमीटर झाला की बटण दाबा. कॉम्प्रेसर बंद होतो आणि बर्फ वितळल्यावर बटण आपोआप 'टक' करून बाहेर येतं. मध्यरात्रीची ती एकटी 'टक' हीच.

कट्ट

आतलं प्लास्टिक थंडीने आखडतं आणि उष्णतेने पसरतं. आतल्या भिंतीसारख्या प्लास्टिकचा एक मीटर लांब तुकडा ३० अंशांवरून उणे १८ वर गेला, तर तीन मिलिमीटरहून जास्त आखडतो. बाहेरचा पत्रा खोलीच्या तापमानालाच राहतो. दोन्हींमध्ये फोम चिकटलेला असल्याने ओढ साचत जाते आणि एकदम सुटते. नवा फ्रीजर पहिल्यांदा गार होताना, डिफ्रॉस्टनंतर आणि भरपूर माल ठेवल्यावर हा आवाज जास्त येतो. आत टॉर्च मारून तडा दिसत नसेल तर सोडून द्या.

दार घट्ट बसणं

दार लावल्यावर आत शिरलेली ३० अंशांची हवा गार होऊन आखडते. फ्रीजर पूर्ण हवाबंद असता तर आतला दाब जवळजवळ सहाव्या भागाने उतरला असता. प्रत्यक्षात रबराच्या फटीतून आणि निचऱ्याच्या नळीतून हवा आत येते, तीच ही बारीक 'सुंई'. डीप फ्रीजरचं झाकण यामुळे एखाद मिनिट उघडतच नाही. हँडलला हिसका देऊ नका, तुटतो. थोडं थांबलं की सहज उघडतं. झाकण कधीच ओढ धरत नसेल तर रबर तपासा: कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तिथे रबर सैल आहे. आधी कोमट साबणपाण्याने रबराच्या घड्या पुसून बघा, पुष्कळदा दोष तेलकट चिकट थराचाच असतो.

खडखड: हा घरीच जातो

बसवण्यातल्या चुकांचे आवाज सर्वांत मोठे आणि सर्वांत स्वस्तात जाणारे. चालू असताना फ्रीजरच्या बाजूला तळहात दाबा. खडखड थांबली तर काहीतरी सैल आहे किंवा कशाला तरी टेकलंय.

पाय समतल नसणं हे पहिलं कारण. कोपऱ्यांवर आळीपाळीने दाबा, डुलतो तो पाय फिरवून टेकवा. पुढची बाजू किंचित वर ठेवा म्हणजे दार आपोआप बंद होतं. चाकांचा प्लास्टिक स्टँड पोकळ टाइलवर असेल तर तो आवाज दुप्पट करतो. जाड रबराचे तुकडे खाली द्या. वर ठेवलेले डबे, मागचा सैल ट्रे, एकमेकांना टेकलेल्या तांब्याच्या नळ्या हे पुढचे संशयित. नळ्या हाताने वाकवू नका. प्लग काढून, थंड झाल्यावर मध्ये फोमचा तुकडा सरकवा. मागे आणि बाजूंना पुस्तिकेत दिलेली जागा सोडा. घोडबंदर रोडसारख्या बांधकामाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी मागची काळी जाळी तीन महिन्यांतून एकदा मऊ ब्रशने झाडावी. धुळीने कॉम्प्रेसर जास्त तापतो आणि जास्त वेळ गुणगुणतो. खाडीजवळच्या घरांत स्क्रू आणि कॉम्प्रेसरखालची पट्टी गंजते, रबरी पाय कडक होतात, आणि मग गुणगुण थेट जमिनीत उतरते. असे रबर बदलून घेता येतात.

कधी कधी आवाज फ्रीजरचा नसतोच. व्होल्टेज वर-खाली झालं की स्टॅबिलायझरचा रिले टकटक करतो. वीज परत आल्यावर तो तीन-चार मिनिटं मुद्दाम गप्प राहतो आणि मग 'टक' करून पुरवठा सोडतो. घरच्या बॅटरीवाल्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर फ्रीजर चालवला तर मोटर कर्कश भुणभुणते आणि तापते. तो त्यावर चालवू नका.

हे ऐकू आलं तर थांबू नका

टक, पाच-दहा सेकंद घुं, पुन्हा टक, मग दोन-चार मिनिटं शांतता, आणि परत तेच. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि ओव्हरलोड त्याला बंद पाडतोय. प्लग काढा, अर्धा तास थांबा, स्टॅबिलायझरवर आकडा २०० च्या बराच खाली तर नाही ना बघा आणि एकदाच पुन्हा लावून पाहा. तरी तेच असेल तर रिले, कपॅसिटर किंवा खुद्द कॉम्प्रेसर. पहिले दोन स्वस्त आहेत, म्हणून तेच आधी तपासायला सांगा. रात्रभर तसाच ठेवला तर मोटर जळू शकते.

कॉम्प्रेसरमधून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखी सतत ठकठक, किंवा गुणगुण चालू असून माल मऊ, किंवा कॉइलच्या एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी कोरडं, हीदेखील बोलावण्याची कारणं.

मागच्या पट्टीवर आर-६००ए लिहिलेलं असेल तर त्यातला गॅस आयसोब्युटेन आहे, स्वयंपाकाच्या गॅसच्याच कुळातला आणि पेट घेणारा. प्रमाण साधारण शंभर ग्रॅमच्या आतच असतं, तरी नळी फुटल्याची शंका आली तर खिडक्या उघडा आणि जवळ ज्योत किंवा ठिणगी येऊ देऊ नका. या गॅसचं काम येणाऱ्या तंत्रज्ञालाच हात लावू द्या.

मेकॅनिकला फोन करण्याआधी आवाजाचं दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग, पट्टीवरचा मॉडेल नंबर, आणि त्या रात्रीचं टिपण तयार ठेवा. नुसता आवाज ऐकून कोणी 'गॅस भरावा लागेल' म्हणालं तर मान्य करू नका. फ्रीजरमधला गॅस वापराने संपत नाही, तो वर्षानुवर्षं बंद नळीतच फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधून बुजवल्याशिवाय भरलेला गॅस आज ना उद्या त्याच भोकातून जाणार. 'गळती कुठे सापडली ते दाखवा' एवढंच विचारा.